न दुखणारी गाठ आणि बुडणारी मजुरी

स्तनाचा कर्करोग हा शहरातील सुखवस्तू स्त्रियांचा आजार, अशी समजूत कार्यकर्त्यांतही आढळते. ती अगदीच निराधार नाही. मुंबईत या रोगाचे जे प्रमाण आहे, त्याच्या निम्म्याहूनही कमी प्रमाण बार्शीच्या ग्रामीण नोंदींत दिसते. लवकर व अधिक झालेली बाळंतपणे आणि दीर्घकाळ अंगावर पाजणे यांमुळे खेड्यातील स्त्रीला काही संरक्षण मिळते. उशिरा झालेले पहिले मूल, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा व मद्यपान यांनी धोका वाढतो. वाढते वय आणि घराण्यातील आजार तर कोणाच्याच हाती नसतात. परंतु एवढ्या हिशेबावर मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथील शेतमजूर बाईला निश्चिंत राहण्यास सांगणे ही तिची क्रूर थट्टा होईल.

मुळात तिचा हिशेब ठेवलाच गेलेला नाही. मुंबईत कर्करोगाची नोंदणी १९६३ पासून होते, बार्शीत १९८७ पासून. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात २८ नोंदण्यांचे आकडे आहेत. त्यांत नागपूर व वर्धा आहेत, बुलढाणा नाही.

रोग होण्याचा धोका आणि रोगाने मरण्याचा धोका या भिन्न गोष्टी आहेत. पहिला बराचसा शरीरावर अवलंबून असतो, दुसरा समाजव्यवस्थेवर. ही गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. जे दुखत नाही त्यासाठी कापूसवेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून बुलढाण्याला कोण जाणार? त्यातून ज्या अवयवाचा उच्चारही घरात करता येत नाही, त्याची तक्रार सासूपुढे वा नवऱ्यापुढे कशी मांडावी? महिने जातात, गाठ काखेपर्यंत पोहोचते. शस्त्रक्रिया महात्मा फुले योजनेतून झाली तरी किरणोपचारासाठी आठवड्यातील ५ दिवस, असे ३ ते ५ आठवडे शहरात काढावे लागतात. तिची आणि सोबत्याची तेवढ्या दिवसांची मजुरी कोण भरून देणार?

यावर उपाय महागड्या यंत्रांतच आहे असे नाही. टाटा रुग्णालयाने मुंबईत १९९८ साली सुरू केलेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,५१,५३८ स्त्रियांचा समावेश होता. त्यांतील निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. एकूण मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मात्र पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ती जवळपास ३० टक्के आढळली.

तिशीपुढील प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी व्हावी, हे केंद्र सरकारने २०१६ सालीच कागदावर मान्य केले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या १ टक्काही भरल्या नाहीत. आशाताईंनी घरोघरी अर्ज भरायचे, आणि गाठ आहे असे कोणी सांगितले तर पुढे काय, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसायचे, असा हा कारभार आहे. दोष आशाताईंचा नाही. त्यांना नियमित वेतनदेखील नाही.

तेव्हा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आरोग्य खात्याकडे गावनिहाय तीन आकडे लेखी मागावेत: तिशीपुढील स्त्रिया किती, हाताने तपासलेल्या किती, आणि गाठ आढळलेल्यांपैकी गाठीचा तुकडा तपासून निदान झालेल्या किती.