मोरीतले पाणी कुठे जाते?

आपल्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात पाणी यायला वाटा आहेत, बाहेर पडायला एकही नाही. उल्का आदळून काळ्या बेसाल्ट खडकात झालेला हा खड्डा सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. तळाशी साठलेले पाणी फक्त वाफ होऊन जाते आणि क्षार मागे उरतात. हजारो वर्षे हेच चालले, म्हणून ते पाणी इतके खारट झाले. आईन-ए-अकबरीत अबुल फजलनेही लोणारच्या या क्षारांची, काच आणि साबणाच्या संदर्भात, नोंद केली आहे.

नदीकाठचे गाव आपली घाण पुढच्या गावाला देते. ते वाईटच, पण ती घाण निदान पुढे सरकते. लोणार शहर सरोवराच्या अगदी काठावर आहे. उताराने खाली गेलेले सांडपाणी तिथेच राहते.

आठवीच्या मुलांना मी यावर गणित घातले. 2011 च्या जनगणनेत लोणारची वस्ती सुमारे 23 हजार होती. माणशी रोज 70 लिटर पाणी धरा, त्यातले 80 टक्के नालीत जाते असे धरा. उत्तर येते जवळजवळ 13 लाख लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे 130 टँकर, दररोज. हिशेब अंदाजाचा आहे, पण मुले गप्प झाली.

2020 च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा पुष्कळांनी सांडपाण्याला दोष दिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा तो रंग मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला. पाणी आटले, खारेपणा वाढला, म्हणून ते फोफावले. सांडपाण्याचा धोका याच्या उलट आहे. ते गोडे असते, सरोवराला पातळ करते. इथल्या पाण्याचा सामू 10 च्या आसपास असतो आणि त्यातच जगणारे जीव इथे आहेत. पाणी बदलले की ते गेले. शिवाय मैला आणि साबणातून नायट्रोजन, फॉस्फरस येतात. ते शेवाळाचे खतच. शेवाळ माजते, मरते, कुजते आणि पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकते.

यावर उपाय सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा. त्यात जादू काही नाही. आधी जाळीत चिंध्या, प्लास्टिक अडकते, मग टाकीत गाळ बसतो. नंतर हवा सोडून जिवाणू वाढवतात, ते विरघळलेली घाण खातात. शेवटी क्लोरीनसारख्या उपायाने रोगजंतू मारतात. लहान गावासाठी नागपूरच्या नीरी संस्थेची फायटोरिड पद्धत आहे, त्यात खडीच्या थरात वनस्पती लावून हेच काम करून घेतात आणि विजेचा खर्च वाचतो. पण साध्या केंद्रातून घाण आणि दुर्गंधी जाते, नायट्रोजन-फॉस्फरस बराचसा उरतो. म्हणून माझे मत असे, की लोणारात शुद्ध केलेले पाणीसुद्धा सरोवरात सोडू नये. ते झाडांना, शेताला, बांधकामाला द्यावे. सरोवराच्या संवर्धनाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अनेक वर्षे आहे, 2020 मध्ये सरोवर रामसर यादीतही आले. पण ते पाणी वापरायची तयारी कोर्ट कशी करून देणार?

ती तयारी आपल्या घरात अडते. "गटाराचे पाणी ते, नापाकच," असे मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकले आहे. सौदी अरेबियाच्या ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने 1978 मध्येच यावर निर्णय दिला: प्रक्रियेने घाण पूर्ण निघून रंग, चव, वास यांत तिचा मागमूस राहिला नाही, तर ते पाणी पाक आहे, त्याने वजूही चालेल. पिण्यासाठी मात्र आरोग्याच्या काळजीने ते टाळलेले बरे, असेही सांगितले. आपण तर इथे फक्त लिंबा-आंब्याच्या मुळाशी घालण्याचे बोलत आहोत.

केंद्रावरचा भार घरातूनही हलका होतो. वजूच्या पाण्यात मैला नसतो. मशिदीच्या अंगणात शोषखड्डा असेल तर ते तिथेच जिरवावे, गटारात कशाला? तळणाचे तेल मोरीत ओतू नये. आणि बकरी ईदचे रक्त-आतडी नालीत जाऊ नयेत, हे स्पष्टच बोलते. रक्त कुजताना ऑक्सिजन भराभर संपवते, आणि एका दिवशी अचानक आलेला असा भार केंद्रातल्या जिवाणूंना पेलत नाही. ते खोल खड्ड्यात पुरावे किंवा नगर परिषदेच्या गाडीत द्यावे.

राहिली सेप्टिक टाकी. ती दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. नाही उपसली तर गाळ भरून मैला सरळ नालीत येतो. उपसणारा टँकर दारात उभा राहिला की पैसे देण्याआधी चालकाला विचारा: भाऊ, हे कुठे रिकामे करणार?