सहीपूर्वीची पाहणी

सांगलीच्या बाजारात हळद खरेदी करणारा व्यापारी पोत्यावरच्या चिठ्ठीवर विसंबून राहत नाही. तो पोत्यातून मूठभर हळकुंडे काढतो आणि एखादे मोडून पाहतो. नीट वाळलेले हळकुंड मोडताना खणखणीत आवाज करते आणि आतल्या गाभ्याचा रंगही मोडल्यावरच कळतो. वजन, भाव आणि पावती यांचा मेळ बसल्याखेरीज त्याची सही होत नाही. मात्र हाच व्यापारी अपघातानंतर दुरुस्त झालेली मोटार आणावयास गेला की तिच्या चकाकीवरच समाधान मानतो आणि पुढे केलेल्या कागदावर न वाचताच सही करतो.

अशाच एका घरातील ही हकीकत आहे. उसाच्या हंगामात रात्री परतताना धाकट्या मुलाच्या हातून मोटार पुढच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. परंतु मोटारीची डावी बाजू पुढून चेपली. बंपर, बॉनेट, डावे मडगार्ड, हेडलाइट आणि रेडिएटर यांचे नुकसान झाले. विमा कंपनीच्या सर्वेअरने पाहणी करून खर्चाचे अंदाजपत्रक मंजूर केले आणि मोटार बारा दिवस वर्कशॉपमध्ये राहिली. घरी मोटारीची निकड होती. इचलकरंजीला दिलेल्या लेकीला पुढच्याच आठवड्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणावयाचे होते.

मोटार तयार असल्याचा निरोप आला तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. अण्णा दुकानातील जुन्या दिवाणजींना सोबत घेऊन गेले. नुकत्याच धुतलेल्या मोटारीवर पाण्याचे थेंब चमकत होते. तेथील तरुण कर्मचाऱ्याने अदबीने कागद पुढे केला. ‘साहेब, इथे सही करा, लगेच गेटपास देतो.’ अण्णांनी खिशातले पेन काढले. तेवढ्यात दिवाणजी हलक्या आवाजात म्हणाले, ‘अण्णा, आपण पोतं न उघडता पावती करत नाही.’

अण्णांचा हात थांबला. त्यांनी कागद वाचला. ‘दुरुस्ती माझ्या पूर्ण समाधानाप्रमाणे झाली असून विमा कंपनीने रक्कम परस्पर वर्कशॉपला द्यावी’, अशा आशयाचा तो मजकूर होता. यालाच सॅटिस्फॅक्शन व्हाउचर म्हणतात. रोकडविरहित दाव्यात ग्राहकाच्या हाती जो काही जोर असतो, तो ही सही होईपर्यंतच. नंतर तक्रार करता येत नाही असे नाही. परंतु ‘आपणच समाधान लिहून दिले आहे’ हे उत्तर समोरच्याकडे तयार असते. अण्णांनी कागद परत केला आणि सांगितले, ‘उद्या सकाळी उजेडात पाहून सही करतो.’

दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी प्रथम सर्वेअरने मंजूर केलेली यादी आणि वर्कशॉपचे बिल समोरासमोर ठेवले. कोणता भाग नवा बसवावयाचा आणि कोणता ठोकून सरळ करावयाचा, हे यादीत स्पष्ट लिहिलेले असते. आवक मालाची चलनाशी पडताळणी करावी, तशी एकेका ओळीवर खूण करीत दोघे मोटारीभोवती फिरले. बदललेले जुने भागही त्यांनी दाखवावयास सांगितले. ही मागणी गैर नाही. नवा भाग बसला याचा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे काढलेला जुना भाग.

बॉनेट आणि मडगार्ड यांमधील फट डावीकडे व उजवीकडे सारखीच हवी. डावीकडे ती समोरून बारीक आणि काचेकडे रुंद होत गेलेली दिसली. बोट फिरवताच फरक हातालाही जाणवला. मडगार्डचा रंग समोरून दाराशी जुळत होता, पण तिरप्या उन्हात किंचित गडद दिसत होता. धातूची झाक असलेल्या रंगात असे घडते, म्हणून रंग एकाच जागेवरून पाहू नये, ओल्या गाडीवर तर मुळीच पाहू नये. दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडेही होते. उलट नवा हेडलाइट स्वच्छ आणि जुना पिवळसर दिसत होता, त्यात मात्र वर्कशॉपचा दोष नव्हता. नव्याजुन्यातील तो स्वाभाविक फरक होता. पाहणी करताना हा विवेकही लागतोच.

खरी गोष्ट पुढे होती. यादीत बंपरच्या आतील आडव्या लोखंडी पट्टीपुढे ‘नवी’ असे लिहिलेले होते. बाहेर दिसणारा बंपर हे प्लॅस्टिकचे आवरण असते. समोरून बसणारा धक्का प्रथम झेलून तो चेसिसकडे नेण्याचे काम आतील पट्टी करते. दिवाणजींनी खालच्या जाळीतून बॅटरीचा झोत टाकला. आतली पट्टी जुनीच होती. डाव्या टोकाला ती ठोकून सरळ केलेली होती आणि रंगाचे पोपडे निघाले होते. व्यवस्थापकाने चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. नवी पट्टी उशिरा आली होती, ती भांडारात तशीच पडून होती आणि कामाच्या घाईत गाडी जुन्या पट्टीवरच जोडली गेली होती. लबाडीचा हेतू नसेलही, पण सही झाली असती तर ती चूक त्या चकचकीत आवरणाआड कायमची झाकली गेली असती आणि त्याच मोटारीतून दिवस भरत आलेली लेक घरी यावयाची होती.

त्यानंतर वर्कशॉपच्या माणसाला शेजारी बसवून मोटार रस्त्यावर नेली. किल्ली फिरवताच एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझला, तसे व्हावयासच हवे. तो लागून राहिला किंवा मुळीच लागला नाही, तर दोन्ही प्रकार धोक्याचे. सीटबेल्टला झटका देऊन तो अडकतो का हे पाहिले. मोकळ्या सरळ रस्त्यावर पकड सैल करताच गाडी डावीकडे ओढू लागली. चाकांच्या अलाइनमेंटचा छापील अहवाल मागितला, तेव्हा ते काम राहून गेल्याचे आढळले. परत आल्यावर रेडिएटरखाली ठिबक नाही ना, एसी गार होतो ना आणि डिकीत स्टेपनी, जॅक व पाने जागेवर आहेत ना हेही पाहून घेतले.

याच फेरीत आणखी एक प्रसंग घडला. कर्मचारी कौतुकाने म्हणाला, ‘साहेब, मागच्या दारावरचा जुना ओरखडाही याच क्लेममध्ये काढून दिलाय.’ अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तो ओरखडा आमच्या वखारीच्या फाटकाचा आहे. त्याचं बिल वेगळं करा, ते मी देतो.’ चोख माल मागणाऱ्याने मापही चोखच दिले पाहिजे. नाहीतर पाहणीचा अधिकार उरत नाही.

पैशांचा हिशेबही सहीपूर्वीच समजून घ्यावा. साधारण पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर व नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर तो नसतो. ‘झीरो डेप’ची जोड असेल तर ही कपात बहुतांशी टळते. तरीही अनिवार्य रक्कम ग्राहकालाच भरावी लागते. खाजगी मोटारीसाठी १५०० सीसीपर्यंत ती १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये असते. शिवाय दावा केल्यावर पुढील नूतनीकरणात नो क्लेम बोनस जातो. पहिल्या वर्षी २० टक्के असलेली ही सवलत ओळीने पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. म्हणून किरकोळ नुकसानीसाठी दावा करण्याआधी दोन्ही बाजूंची बेरीज मांडून पाहावी.

पाहणीत उणिवा आढळल्यास त्या तोंडी सांगून थांबू नये. जॉब कार्डावर तारखेसह लिहाव्यात, त्याची प्रत घ्यावी आणि सर्वेअरला कळवावे. मोटार तातडीने नेणे भागच असेल तर सहीच्या वर राहिलेली कामे नोंदवावीत. विमा कंपनीने तक्रारीची दाद घेतली नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. त्यांचे एक कार्यालय पुण्यात आहे. वर्कशॉपच्या सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. अर्थात सहीपूर्वीच्या एका तासाने ही पुढची पायपीट बहुधा वाचते.

अण्णांची मोटार आणखी तीन दिवस वर्कशॉपमध्ये राहिली. या वेळी बंपर बसवण्यापूर्वी त्यांना बोलावून नवी पट्टी दाखवण्यात आली. फटी जुळवल्या गेल्या, मडगार्डचा रंग पुन्हा दिला गेला आणि अलाइनमेंटचा कागद बिलाला जोडला गेला. दिवाणजींनी यादीतील शेवटच्या ओळीवर खूण केली आणि मग अण्णांनी सही केली.

ठरल्या दिवशी मोटार इचलकरंजीला गेली. लेक मागच्या आसनावर बसली, तेव्हा सासूबाईंनी मुलाकडील माणसाला साहजिकच विचारले, ‘गाडी ठीक आहे ना आता?’ अण्णांना उत्तर देताना अडखळावे लागले नाही.