सुट्टीतली कुऱ्हाड

30 मार्च 2025. आपल्याकडे गुढीपाडवा, हैदराबादेत उगादी. दुसऱ्या दिवशी ईद. नेमक्या याच सुट्ट्यांत हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीत बुलडोझर शिरले. सुमारे 400 एकर जमीन, आयटी पार्कसाठी राज्य सरकारचा लिलावाचा बेत. 3 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवले तोवर सुमारे 100 एकर उजाड झाले होते. पाहणीला गेलेल्या उच्च न्यायालयाच्या निबंधकांना तिथे मोर आणि हरणे दिसली.

कायदा नव्हता असे नाही. झाडे तोडायला परवानगी घ्यावी, असे सांगणारा 'वाल्टा' कायदा तिथे 2002 पासून आहे. पण परवानगी देणारे आणि जमीन विकणारे एकाच सरकारचे असतील, तर कुंपणच शेत खाते. मग खासगी बिल्डरला जाब कुठल्या तोंडाने विचारणार?

आपणही हुरळून जाऊ नये. महाराष्ट्रात 1975 पासून वृक्षकायदा आहे, पालिकांत वृक्ष प्राधिकरणे आहेत. तरीही 2019 मध्ये मुंबईत आरेतली झाडे रातोरात पडली. म्हणून झाडावर डकवलेली नोटीस वाचा, मुदतीत लेखी हरकत नोंदवा, पोच घ्या. तोडून झाल्यावर मिळालेली स्थगिती झाड परत देत नाही.