हिरवा कोपरा : शेवंती टाकून देऊ नका!

दोस्तांनो, या महिन्यात आलेल्या पत्रांतलं एक पत्र मी दोनदा वाचलं. लिहिणारी मैत्रीण सातवीत आहे. तिच्या आजीनं कधीतरी गावाहून येताना डालड्याच्या डब्यात शेवंतीचं एक रोप आणलं होतं. आतून पिवळी, कडेला तांबूस, बाजारात दिसते तशी मुळीच नाही. आजी गेल्या वर्षी वारली. यंदाही शेवंती नाताळापर्यंत भरभरून फुलली. पण आता काड्या तपकिरी झाल्यात, पानं करपलीत. घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘संपलं ते, नर्सरीतून नवीन आणू.’ तिचा प्रश्न असा : बी धरून ठेवलं तर आजीचीच शेवंती पुन्हा येईल का?

सरळ उत्तर देतो. बियांपासून ती येणार नाही. पण आजीची शेवंती बहुतेक अजून त्या डब्यातच आहे, आणि तिची चार-पाच रोपंसुद्धा करता येतील. कशी, ते आज बघू. ज्यांच्या घरी दिवाळीत आणलेल्या शेवंतीची कुंडी कोपऱ्यात पडली असेल, त्यांनीही वाचा.

आधी एक काम करा. कुंडीजवळ उकिडवे बसा, वाळलेली पानं बाजूला सारा आणि अगदी मातीलगत बघा. बोटभर उंचीचे हिरवे कोंब दिसतायत? शेतकरी त्यांना काश्या म्हणतात. शेवंतीचं असंच असतं बरं का. फुलून गेलेल्या काड्यांचं काम संपतं, त्या वाळतात. पण मातीलगतचा आणि मातीखालचा खोडाचा भाग जिवंत असतो, आणि तिथून पुढच्या वर्षीची फूट सुरू होते. नेमक्या याच दिवसांत कितीतरी घरांत कुंडी उलटी केली जाते. म्हणजे पुढच्या हंगामाची फुलं चक्क कचऱ्याच्या डब्यात!

काश्या दिसल्या नाहीत तर लगेच हात टेकू नका. काडी अगदी बुडाशी नखानं हलकेच खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. थोडं थोडं पाणी देत दोन-तीन आठवडे वाट बघा. आत सगळं तपकिरी निघालं आणि मुळं कुजून मऊ पडली असली, तर मात्र खरंच संपलं.

आता ती बियांची गोष्ट. शेवंतीचं एक फूल हातात घ्या आणि हळूच सोडवा. ज्याला आपण एक फूल म्हणतो, ती खरं म्हणजे शेकडो फुलांची गर्दी असते. कडेची लांब ‘पाकळी’ हेच एक फूल, आणि मधली पिवळी टिकली म्हणजे बारीक नळीसारख्या फुलांचा दाट घोळका. सूर्यफूल आणि झेंडूही याच कुळातले, त्यांचंही असंच. यातल्या फुलांना बी धरायला बहुतेक वेळा दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. मग बियांत दोघांचे गुण उतरतात. तुमचं नाक आईसारखं असेल, केस बाबांसारखे असतील, पण तुम्ही दोघांपैकी कुणाचीच हुबेहूब नक्कल नाही. बियांपासून उगवलेल्या शेवंतीचंही तसंच. ती पांढरी निघेल, विटकरी निघेल, फुलं एवढीएवढीशी येतील. नव्या जाती हव्या असणाऱ्यांना हेच हवं असतं. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत शेवंतीच्या कितीतरी नव्या जाती तयार झाल्या आहेत. पण आपल्याला नवी नकोय. आपल्याला तीच हवी आहे.

‘तीच’ हवी असेल तर झाडाचाच तुकडा लावायचा. शास्त्राच्या पुस्तकात ‘शाकीय प्रजनन’ म्हणून धडा असतो ना, बटाट्याचे डोळे आणि पानफुटीचं पान असलेला? परीक्षेपुरता पाठ करून आपण तो सोडून देतो. खरी गंमत त्याच्या पुढेच आहे. काशी किंवा फांदी लावून आलेलं रोप हे आईचं मूल नसतं. ती आईच असते! दुसऱ्या कुंडीत राहायला गेलेली, इतकंच. आपल्याकडे शेतांतून ‘झिप्री’ आणि ‘राजा’ या जातीची शेवंती लावतात, तीही अशीच काश्यांपासून आणि छाट कलमांपासून वाढवलेली असते. हारवाल्याकडची झिप्रीची टोपली म्हणजे एकाच जुन्या झाडाचे, पुन्हा पुन्हा लावत आलेले तुकडे.

बरं, आता कामाला लागू. वाळलेल्या काड्या मातीपासून चार-सहा बोटं ठेवून वरून छाटून टाका. मातीचा वरचा थर खुरप्यानं मोकळा करा आणि मूठ-दोन मुठी जुनं शेणखत किंवा गांडूळखत घाला. काश्या भरपूर असल्या तर दोन-तीन काश्या मुळांसकट अलगद सुट्या करून छोट्या कुंड्यांत लावा. त्यांना मुळं आधीच असतात, त्यामुळे त्या लवकर रुजतात. नवशिक्यांनी सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. काशी एकच असली तर मात्र तिला हात लावू नका. वाढू द्या.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली असेल अशा जागी कुंडी हलवा. बोटाचं एक पेर मातीत खुपसून बघा. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर थांबा. सुट्टीत गावाला जाणार असाल तर कुंडी शेजारच्या काकूंकडे सोपवून जा. उन्हाळ्यात शेवंत्या मरतात त्या बहुधा दोनच कारणांनी : कुणी पाणीच घातलं नाही म्हणून, किंवा सगळ्यांनी घातलं म्हणून.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की छाट कलमं करायची. शेतातले लोक दसरा-दिवाळीचा बाजार गाठायला याच्या आधी, एप्रिल-मेमध्येच लागवड उरकतात; पण घरी जून-जुलै सोयीचा, कारण दमट हवेत कलम सुकत नाही. सकाळची वेळ निवडा. जोमदार, कळी नसलेली फांदी बघा. तिचा शेंड्याकडचा तुमच्या करंगळीएवढा तुकडा घ्यायचा, म्हणजे साधारण ५ ते ७ सेंटिमीटर. फांदी वाकवल्यावर चटकन मोडली तर बरोबर. नुसतीच वाकली तर फार कोवळी, आणि दोऱ्यासारखी चिवट लागली तर जून. कळी आलेली फांदी का नको? तिची सगळी ताकद फुलाकडे जाते, मुळं धरायला ती फार कुरकुरते.

पान जिथून फुटतं त्या सांध्याच्या लगेच खाली स्वच्छ ब्लेडनं काप द्या. (पाचवीच्या आतल्यांनी ब्लेड मोठ्यांच्या हाती द्यावं. यात कमीपणा काही नाही.) खालची पानं काढून टाका, वर तीन-चारच ठेवा. हे करायला पुष्कळांचा हात धजत नाही, छान हिरवी पानं कशी काढायची म्हणून. पण विचार करा, तुकड्याला अजून मुळं नाहीत, म्हणजे पाणी प्यायला तोंड नाही, आणि पानांतून मात्र पाणी उडतंच आहे. जितकी पानं जास्त तितकी तहान जास्त. काही जणांना शेवंतीच्या चिकानं खाज सुटते, तेव्हा काम झालं की हात साबणानं धुवा.

लावायचं कशात? भोक पाडलेली करवंटी चालेल, दह्याचा रिकामा डबा चालेल. त्यात जाडसर वाळू भरायची, तीन-चारदा पाण्यानं धुतलेली. समुद्राची वाळू नको, ती खारट असते. वाळू नसेल तर कोकोपीट आणि माती निम्मी निम्मी. खत या टप्प्याला अजिबात नको. कापलेली जागा त्यात कुजते. पेन्सिलीनं भोक पाडा, तुकडा दोन-अडीच सेंटिमीटर आत जाऊ द्या आणि बोटांनी भोवती दाबा. आधी भोक न पाडता तुकडा तसाच खुपसला तर खालची साल सोलवटते. दुकानात मुळं फुटण्याची पावडर मिळते, पण शेवंतीला तिची गरज नाही. पाणी शिंपडा, तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली टोपण काढून वर उपडी घाला, आणि डबा सावलीत पण उजेडात ठेवा. झालं तुमचं काचघर! बाटलीच्या आत पाण्याचे थेंब साचले की समजा सगळं ठीक चाललंय.

आता आत काय घडतं ते ऐका. फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खोडातून खाली खाली उतरत जातं. एरवी ते पार मुळांपर्यंत पोचतं. आता वाट मध्येच कापलेली! मग ते काप दिलेल्या जागेशी साठतं. तिथल्या काही पेशी, ज्या कालपर्यंत खोडाचं काम करत होत्या, त्या विभागायला लागतात आणि त्यांतून मुळं निघतात. खोडातून अशा निघालेल्या मुळांना आगंतुक मुळं म्हणतात. पाहुण्यासारखी, न बोलावता आलेली. नाव मोठं झकास ठेवलंय ज्यानं कुणी ठेवलं त्यानं.

याला दोन ते तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्या दिवसांत तुमच्यासाठी एकच नियम : उपटून बघायचं नाही! आजवर जितकी कलमं बुरशीनं मेली नसतील तितकी ‘मुळं आली का’ हे बघण्यापायी मेली असतील. आलेली मुळं केसासारखी नाजूक असतात, एका हिसक्यात तुटतात. शेंड्याला नवं पान दिसलं, की चिमटीत धरून अगदी हलका ताण द्या. तुकडा सहज वर आला तर पुन्हा दाबून ठेवा. अडून राहिला तर खाली त्यानं मातीला धरलंय. दहातले दोन-तीन मरतील. ज्याचं देठ काळं पडलं तो लगेच काढून टाका, नाहीतर शेजाऱ्यालाही घेऊन जाईल. त्यासाठीच सुरुवातीला चारच्या जागी दहा लावायचे.

रुजलेली रोपं छोट्या कुंडीत न्या. बागेतली माती, शेणखत आणि थोडी वाळू पुरे. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. हो, पुन्हा खुडायचाच! शेंडा असेपर्यंत तो बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. तो गेला की तीन-चार फांद्या एकदम फुटतात, आणि जितक्या फांद्या तितकी फुलं. खुडलेला शेंडा टाकायचा नाही हे आता सांगायला नकोच, त्याचंही कलम होतं. ऑगस्टअखेर हे खुडणं मात्र थांबवा, नाहीतर कळ्याच खुडल्या जातील. कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो, बारीक हिरवे-काळे किडे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं ते धुऊन काढा. उरलेच तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात चांगलं फेटून संध्याकाळी फवारा. आणि मावा पडलेल्या, पानं वेडीवाकडी झालेल्या फांदीचं कलम कधीच करू नका. तीच शेवंती येते म्हटलं ना, मग तिचं दुखणंही तेच येतं.

आता एक कोडं. रोप हिरवंगार आहे, फांद्या भरपूर, खत-पाणी वेळेवर, डिसेंबर उजाडला तरी कळीचा पत्ता नाही. काय चुकलं असेल? रात्री गॅलरीत जाऊन बघा. बहुधा कुंडीवर रस्त्याच्या दिव्याचा किंवा जिन्यातल्या ट्यूबलाइटचा उजेड पडत असेल. शेवंतीला फुलायला लांब आणि सलग अंधारी रात्र लागते. पाऊसकाळ सरून रात्री मोठ्या होऊ लागल्या, की तिला कळतं, आता कळ्या धरायच्या. १९२० साली गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दिवसरात्रीच्या लांबीचा आणि झाडांच्या फुलण्याचा हा संबंध मांडला. त्यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग केले होते. पुढे फुलं पिकवणाऱ्यांनी ही युक्ती उलटी वापरली. पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावून शेवंतीला ते थोपवून धरतात आणि हवी तेव्हाच फुलवतात. आपल्याला थोपवायचं नाही, तेव्हा सप्टेंबरपासून कुंडी रात्री काळोख असेल अशा कोपऱ्यात ठेवा. दिवसा मात्र चार-पाच तास ऊन हवंच.

आईबाबांसाठी दोनच ओळी. डबे, करवंट्या आणि ओली वाळू यांचा पसारा जूनमध्ये तीन आठवडे गॅलरीत सहन करा. आणि घरात जुनं, कुणाच्या तरी हातचं झाड असेल तर ते एकाच कुंडीत ठेवू नका. एक रोप मावशीकडे, एक शेजारी, एक शाळेच्या बागेत. आपल्याकडचं उन्हानं गेलं, तर मावशीकडून करंगळीएवढा शेंडा मागून आणता येतो.

कुंडीत आइस्क्रीमची काडी खोचून तिच्यावर रंग आणि तारीख लिहून ठेवा, कारण कोवळ्या शेवंत्या सगळ्या सारख्याच दिसतात. हे पान कापून वहीत चिकटवा, जूनमध्ये लागेल. पुढच्या आठवड्यात ग्लासभर पाण्यात पुदिना!