सोन्याची उत्पत्ती आणि अणुकेंद्रकांचे वस्तुमान

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी आणि सातारा जिल्ह्यातील खटाव, माण या दुष्काळी तालुक्यांतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर स्थायिक झाली आहेत. गलाईत सोन्यातील भेसळ निघते. त्याचे अणुकेंद्रक बदलत नाही. ७९ प्रोटॉन व ११८ न्यूट्रॉन असलेले हे केंद्रक पृथ्वीच्या निर्मितीपूर्वीच घडलेले असते.

केंद्रके ऱ्हास होण्याआधीच वेगाने न्यूट्रॉन ग्रहण करतात व त्यातून सोन्यासारखी जड मूलद्रव्ये बनतात, हा सिद्धान्त १९५७ मध्ये मांडला गेला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या आणि पाठोपाठच्या प्रकाशात अशा निर्मितीच्या खुणा आढळल्या. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनेही या घटनेचा वेध घेतला.

वेधांतून निर्मितीचे ठिकाण कळते. कोणते मूलद्रव्य किती बनले, हे जाणण्यासाठी केंद्रकांची वस्तुमाने लागतात. शेजारच्या समस्थानिकांच्या वस्तुमानांतील फरकावरून केंद्रक पुढचा न्यूट्रॉन किती घट्ट धरील, हे समजते. पेनिंग सापळ्यात चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या आयनाच्या वारंवारतेवरून वस्तुमान काढतात. सर्न प्रयोगशाळेतील कॅडमियमच्या अल्पायुषी समस्थानिकांची अशी मोजमापे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सोन्याकडे नेणाऱ्या मार्गावरील, १२६ न्यूट्रॉनांच्या आसपासची बहुतेक केंद्रके मात्र अद्याप मोजलेली नाहीत. त्यांच्याविषयीचे सैद्धान्तिक अंदाज परस्परांशी जुळत नाहीत. हिंगोली जिल्ह्यातील नियोजित लायगो-इंडिया वेधशाळेमुळे टकरींची जागा अधिक अचूक ठरवता येईल. तरी सोन्याचा हिशेब या मोजमापांविना अपुराच राहील.