शांत बाळ

जामबागेत बारशाला गेलं की हमखास ऐकू येतं, "बाळ किती शांत आहे हो!" मला मात्र धडकी भरते. तान्हं बाळ दूध ओढेनासं झालं, रडणं क्षीण झालं, अंग गार पडलं किंवा तापलं, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो.

हे ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांतल्या बायकांना ही लक्षणं ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. १९९९मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं.

इंजेक्शन आपलं काम नाही. पण दृष्ट काढत बसण्याआधी नीलोफर हॉस्पिटल गाठणं आपल्याला जमायलाच हवं.