शेकोटीपाशी कोण आहे?

“काकू, मेलो! थंडीने मेलो!”

पाडव्याच्या दुपारी माडीवरून हाक आली तेव्हा मी अंगणात सुपारी पसरत होते. नोव्हेंबर लागला तरी श्रीवर्धनचा उकाडा हटलेला नाही, पदराने मान पुसत काम चाललं होतं. आमच्या किनाऱ्यावर थंडीने कोणी मेल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही. हात झटकून वर गेले.

पुतण्या लॅपटॉपसमोर डोकं धरून बसला होता. तो पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दिवाळीला घरी आलाय. पडद्यावर नुसता काळोख. “पाण्यातून जाताना भिजलो,” तो सांगू लागला, “कपडे वाळवायला शेकोटी हवी होती, तर काटक्या सगळ्या ओल्या. बंदूक होती, गोळ्या होत्या, डबे होते खायचे. तीन दिवस जपलेला जीव होता, काकू.”

‘तीन दिवस जपलेला जीव’ या शब्दांपाशी मी अडकले. गोळ्यांच्या खेळात जीव जपतात, हे मला नवीन होतं. तासभर त्याच्या शेजारी बसले. पुढचे दोन दिवसही अधूनमधून वर जात राहिले.

खेळाचं नाव ‘डे-झी’. बनवणारी कंपनी झेक देशातली, बोहेमिया इंटरॲक्टिव्ह. गोष्ट अशी की एका रोगाची साथ आली, बहुतेक माणसं त्या रोगाने पिसाळली आणि थोडी उरली. उरलेल्यांपैकी एक आपण. बाकीचेही जगभरातले खरे खेळणारे, एका सर्व्हरवर पन्नास-साठ. खेळ सुरू होतो तो समुद्रकिनाऱ्यावर. अंगावर कपडे आणि खिशात एखादं फळ, एवढंच. तहान लागते, भूक लागते. डबक्यातलं पाणी प्यायलात तर कॉलरा, कच्चं मांस खाल्लंत तर पोट बिघडणार. जखमेवर घाणेरडी चिंधी बांधली तर जखम चिघळते. रक्त द्यायचं तर आधी रक्तगट जुळवावा लागतो. आणि मेलात की संपलं. गोळा केलेलं सगळं गेलं, पुन्हा रिकाम्या हाताने किनाऱ्यावर.

त्याचा पहिला नकाशा झेक देशातल्याच एका खऱ्या मुलखावरून बेतलेला, उस्ती नावाच्या शहराच्या आसपासचा. त्या देशाला समुद्र नाही. नकाशा करणाऱ्यांनी डोंगर, गावं, रस्ते खरे घेतले आणि कडेला समुद्र स्वतःच्या मनाने आणून ठेवला. हे ऐकून मला त्या माणसांबद्दल माया वाटली. समुद्र नसलेल्यांनाही जगण्याची गोष्ट समुद्रापासूनच सुरू करावीशी वाटली.

२०२४च्या १५ ऑक्टोबरला या खेळाचं मोठं अपडेट आलं. त्याच्यासोबत ‘फ्रॉस्टलाइन’ नावाचा वेगळा विकत घ्यायचा भागही आला. पुतण्याने तो स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घेतला. त्यात साखाल नावाची नवी बेटं आहेत, रशियाच्या अतिपूर्वेच्या किनाऱ्यासारखी, बर्फाची आणि ज्वालामुखीची. तिथे पिसाळलेल्या माणसांपेक्षा थंडीच जास्त मारते. सोबतचं अन्न गोठतं, ते शेकोटीवर वितळवून खावं लागतं. आणि या अपडेटमध्ये मासेमारी नव्याने बांधून काढली आहे. आता आमिष कुठलं लावलंय याचाही विचार करावा लागतो. समुद्रात काय लागतं म्हणून विचारलं तर म्हणाला, मॅकरल. म्हणजे बांगडाच की! आपला नव्हे, थंड पाण्यातला त्याचा भाऊबंद. बारीक सापळा लावला तर तारलीही मिळते. जीवना बंदरावर होड्या लागल्या की टोपली घेऊन धावत सुटणारं हे पोर, त्याला त्या बर्फात बांगड्याने तारलं, याचं मला बरं वाटलं.

जाऊबाईंना यातलं काही पटत नाही. त्यांना दिसते ती बंदूक. त्यांचं चुकतं असंही मी म्हणणार नाही, कारण आमच्या बाजूला बंदूक ही पडद्यावरची वस्तू नाही. श्रीवर्धनहून समुद्राच्या कडेने दिवेआगरला निघालं की वाटेत शेखाडी लागते. फेब्रुवारी १९९३मध्ये त्या किनाऱ्यावर आरडीएक्स आणि रायफली उतरल्या. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं, श्रीवर्धनचे आम्ही, एवढं सांगितलं तरी परगावचा माणूस क्षणभर आपल्याकडे बघत राही. मग ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरच्या समुद्रात माणूस नसलेली बोट सापडली, आत तीन एके-४७. परदेशी जोडप्याने खवळलेल्या समुद्रात सोडून दिलेली ती बोट निघाली. पण ते कळेपर्यंतचा वेळ आम्ही कसा काढला ते आम्हाला ठाऊक. पुतण्याच्या खेळातली रायफल त्याच घराण्यातली, नाव जरा फिरवून ‘केए-एम’ केलेलं. जाऊबाई ती बघून खोलीबाहेर जातात. मी बसून राहिले ते एवढ्यासाठी की त्या तासाभरात त्याने एकही गोळी झाडली नाही. आवाज झाला की आपण कुठे आहोत ते सगळ्यांना कळतं, म्हणाला.

हा खेळ ज्याच्या डोक्यातून आला तो डीन हॉल न्यूझीलंडच्या सैन्यात होता. ब्रुनेईच्या जंगलात तगून राहण्याच्या सरावाला त्याला पाठवलं होतं. तिथे त्याची उपासमार झाली, शरीराला मोठी इजा झाली. त्या अनुभवातून २०१२मध्ये त्याने हा खेळ आधी दुसऱ्या एका युद्धखेळावरची जोड म्हणून केला. पुढच्याच वर्षी तो एव्हरेस्टही चढून आला. पोट रिकामं असताना माणूस काय विचार करतो हे त्याला आतून माहीत होतं, आणि ते खेळात दिसतं.

याच डे-झीवर ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने आपली एक जोड केली. भूक, आजार काढून टाकले, वर्तुळ लहान होत जातं आणि शेवटी एकच उरतो. त्याचीच पुढे २०१७मध्ये पबजी झाली. पबजी आपल्या गल्लीगल्लीत पोचली, २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने तिच्यावर बंदी घातली, आणि पुढच्या वर्षी तिचीच भारतीय आवृत्ती आली. पुण्यातल्या सुपरगेमिंग या कंपनीने ‘इंडस’ नावाची तशीच आपली बॅटल रॉयल काढली, तीही या फ्रॉस्टलाइनच्या दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबरला. पुण्यात असं काही घडतंय याचा मला आनंद आहे. पण शेवटी एकच उरतो हा नियम मला कधीच रुचला नाही. मूळ खेळात तो नियम नव्हता. तिथे समोरच्याला मारायचं की नाही, हे आपल्यावर सोडलेलं आहे. अनोळखी माणूस दिसला की दोघेही थबकतात. जवळ आलं की एकमेकांचा खरा आवाज ऐकू येतो. कुणी म्हणतं, “फ्रेंडली, फ्रेंडली.” विश्वास ठेवायचा की नाही हे त्या दोन क्षणांत ठरतं.

ते दोन क्षण मी जगलेले आहेत, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर. करोनाचे दिवस. मुंबईहून परतलेलं एक कुटुंब शेजारच्या बंद घरात उतरलं होतं. नवरा-बायको, दोन मुलं. त्यांचे विलगीकरणाचे चौदा दिवस संपायचे होते. आम्ही पाणी, भाजी फाटकाबाहेर ठेवून मागे सरत असू. नजर चुकवत असू, हेही खरं.

दुपारी वाडीत पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडू लागल्या. तो आवाज अजून कानात आहे, एकामागून एक कडाड, आणि मधेच नारळ पत्र्यावर आदळल्याचा. मग शेजारचं छप्पर उठलं. सगळंच उठलं, आणि आमच्या आगराच्या पलीकडे जाऊन पडलं. थोड्या वेळाने मागच्या दारावर थापा.

मी दाराशी पोचले आणि थांबले. घरात सत्तरीपुढच्या सासूबाई, दम्याचे भाऊजी, दहावीत जाणारा पुतण्या. हात कडीवर होता आणि मी कडी काढत नव्हते. किती वेळ ते सांगता येणार नाही. फार नसेल. पण बाहेर मुलं रडत होती आणि मला ती ऐकू येत होती. सासूबाई पाठीमागून आल्या, मला बाजूला सारलं, कडी काढली. एक शब्द बोलल्या नाहीत. ओल्या पोरांना आपल्या लुगड्यात गुंडाळून चुलीपाशी बसवलं.

चौघं पंधरा दिवस आमच्याकडे राहिली. आमच्याकडे लाइट यायला महिना लागला. पंप बंद, रहाट कधीच मोडून टाकलेला, तेव्हा विहिरीवर दोर टाकून शेंदायचं. त्या घरचा नवरा मुंबईत ऑफिसात बसून काम करणारा, त्याच्या तळव्यांना फोड आले, तरी तो पहाटे आधी विहिरीवर असे. पुतण्या त्याच्याबरोबर. वादळानंतर दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. नेहमीचा वड आडवा पडला होता. जाऊबाई आणि ती बाई, दोघींनी पडलेल्या वडालाच सूत गुंडाळलं. वाडीतल्या तीन भागांतली पोफळ गेली. नवी रोपं लावली, त्यांना धरायला सहा-सात वर्षं. आज अंगणात वाळते आहे ती वाचलेल्या झाडांची सुपारी, आणि लावलेल्यांची वाट अजून बघायची आहे. मेलेलं झाड पुन्हा किनाऱ्यावरून सुरू होत नाही.

त्या कडीवरच्या हाताबद्दल मी घरात कधी बोलले नव्हते. भाऊबिजेच्या रात्री पुतण्याच्या मागे उभी होते तेव्हा बोलावं लागलं.

तो साखालवर नवा जीव घेऊन निघाला होता. संध्याकाळ उतरत होती. दूर झाडांत धूर दिसला. हा दबकत जवळ गेला. शेकोटी, आणि तिच्यापाशी एक माणूस उकिडवा बसलेला. पाठ याच्याकडे. पुतण्याने रायफल उचलली. त्याच्याकडे आग होती, याच्याकडे नव्हती. याचे कपडे ओले होते. “काकू, मारला तर सगळं माझं,” तो कुजबुजला. “नाही मारला आणि त्याने मला मारलं, तर?”

मी त्याला कडीची गोष्ट सांगितली. दोन-तीन वाक्यांत, जशी आठवली तशी. तो काही बोलला नाही. पडद्यावरची बंदूक खाली गेली. माइकजवळ तोंड नेऊन तो इंग्रजीत म्हणाला, गोळी घालू नकोस, माझ्याकडे मासे आहेत. शेकोटीजवळचा माणूस वळला.

आणि लाइट गेली.

लॅपटॉप चालू होता, पण नेट गेलं, पडद्यावरची बेटं गोठून राहिली. आम्ही चाचपडत खाली आलो. ओटीवर सासूबाई कंदील लावून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, एवढे गप्प का. पुतण्याने आजीला सगळं सांगितलं, बर्फ, धूर, शेकोटी, तो माणूस. खेळ आहे, खरं नाही, हेही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“तो एकटाच होता का?” त्यांनी विचारलं.

“हो, आजी.”

“मग लाइट आली की आधी वर जा. मासे देतो म्हणालास ना त्याला?”